देवमासा आणि बोनसचे कलम



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की, तो महागाईवर बोलणार, कंत्राटी पद्धतीवर बोलणार आणि शेवटी बोनसवर येणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही आज देवमाशावर बोलणार आहो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा त्यांनीही तो दोनदा विचारून खात्री करून घेतली. तथापि श्रोत्यांनी निराश होण्याचे कारण नाही. बोनसही या व्याख्यानात यावयाचाच आहे. किंबहुना बोनसच्याच वाटेने आम्ही या विषयापर्यंत येऊन पोहोचलो.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि ग्रंथालयात अधिक झाले. मजुरी देण्याच्या निरनिराळ्या पद्धती जगात कशा रूढ झाल्या, याविषयी आम्ही काही वर्षांपूर्वी वाचीत होतो. महिन्याचा पगार, रोजंदारी, नगावर मजुरी, उक्ते काम, असा तो सारा संसार. त्या वाचनात १९३१ साली जिनीव्हा येथे झालेला एक आंतरराष्ट्रीय करार समोर आला. करार देवमाशांच्या शिकारीविषयी होता आणि त्यात एक कलम चक्क कामगारांच्या मोबदल्याविषयी होते. शिकारी बोटीवरच्या गोलंदाजाचा आणि खलाशांचा मोबदला केवळ किती देवमासे मारले या संख्येवर ठरवू नये. माशाचा आकार, जात, त्याची किंमत आणि त्यातून निघणारे तेल यांवर तो बव्हंशी अवलंबून असावा, असा त्या कलमाचा आशय. जनावर वाचविण्यासाठी जगातल्या राष्ट्रांनी एकत्र बसून मजुरीचे कलम लिहावे, ही गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटली. त्या कलमाच्या मागे काय घडले आणि पुढे काय घडले, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम प्राण्याची ओळख. आपणांपैकी पुष्कळांनी रत्नागिरीच्या मत्स्यसंग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहिला असेल. २०१५ च्या जून महिन्यात रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा येऊन लागला. त्याला पुन्हा पाण्यात लोटण्याची खटपट झाली, पण तो जगला नाही. तेव्हा हा प्राणी आपल्याला अगदीच परका नाही. आपण त्याला मासा म्हणतो, पण तो मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो, मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते. निळा देवमासा ही त्यांतली सर्वांत मोठी जात. पूर्ण वाढलेला निळा देवमासा शंभर फुटांच्या आसपास भरतो आणि त्याचे वजन दीडशे टनांच्याही वर जाऊ शकते. पृथ्वीवर आजवर जे प्राणी होऊन गेले, त्यांत याहून वजनदार प्राणी शास्त्रज्ञांना ठाऊक नाही. मादीला दोन-तीन वर्षांतून एक पिलू होते. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. ज्याची वाढ इतकी सावकाश, त्याची उचल किती करावी याचा हिशेब साध्या किराणा दुकानदारालाही करता आला असता.

देवमाशाची शिकार जुनीच आहे. वल्ह्यांच्या होड्यांतून हातभाल्यांनी ती शतकानुशतके चालत आली. पण ती होती सावकाश पोहणाऱ्या आणि मेल्यावर पाण्यावर तरंगणाऱ्या जातींची. निळा देवमासा होडीच्या कितीतरी पुढे निघून जाई आणि मारलाच तर तळाला जाई. त्याच्या वेगाने आणि वजनाने त्याचे रक्षण केले. हे रक्षण संपविले नॉर्वेतल्या स्वेन्ड फॉइन या गृहस्थाने. त्याने १८६० नंतरच्या दशकात वाफेवर चालणारी शिकारी बोट बांधली, आणि टोकाला स्फोटक गोळा असलेला भाला तोफेतून मारण्याच्या युक्तीचे पेटंट १८७० साली घेतले. मेलेला प्राणी बुडू नये म्हणून त्याच्या अंगात हवा भरण्याची सोयही झाली. आता समुद्रातला कोणताच देवमासा आवाक्याबाहेर राहिला नाही. तीस-चाळीस वर्षांत उत्तरेकडच्या समुद्रांत ही शिकार परवडेनाशी झाली आणि धंद्याने आपली नजर दक्षिण ध्रुवाकडे वळविली.

दक्षिण अटलांटिक महासागरात साउथ जॉर्जिया नावाचे एक बर्फाळ बेट आहे. तेथे १९०४ साली कार्ल अँटोन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानाने साठ माणसे नेऊन ग्रिटव्हिकेन नावाचे शिकारी ठाणे उभारले. भांडवल अर्जेंटिनातल्या कंपनीचे, कामगार नॉर्वेचे आणि बेटावर सत्ता इंग्रजांची. आरंभी देवमासे इतके होते की शिकारी बोटीला खाडीच्या बाहेरही जावे लागत नसे. वरची चरबी तेवढी काढून घ्यावी आणि उरलेले धूड पाण्यात सोडून द्यावे, असा तेव्हाचा खाक्या. हे ठाणे आणि त्याच्यामागून त्या बेटावर झालेली इतर ठाणी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. तेवढ्या काळात एकट्या साउथ जॉर्जियात पावणेदोन लाख देवमासे कापले गेले.

एवढ्या चरबीचे होत काय होते? पूर्वी दिवे जळत. पण रॉकेल आल्यावर ते गिऱ्हाईक गेले. नवे गिऱ्हाईक रसायनशास्त्राने मिळवून दिले. तेलाला हायड्रोजनची जोड देऊन ते थिजविण्याची क्रिया जर्मनीतल्या विल्हेल्म नॉर्मान याने विसाव्या शतकाच्या आरंभी बसविली. याच क्रियेने आपल्याकडे शेंगदाण्याच्या तेलाचे वनस्पती तूप झाले. युरोपात तिने देवमाशाच्या दुर्गंधी तेलाचे साबण आणि मार्गारीन झाले. पहिल्या महायुद्धात त्याच तेलातल्या ग्लिसरीनपासून स्फोटके झाली. म्हणजे ज्या गरीब इंग्रज वा जर्मन कुटुंबाच्या पावाला लोणी परवडत नव्हते, त्याच्या पावावर देवमासा येऊन बसला. यात त्या कुटुंबाचा दोष कोणता? त्याला तो मासा आहे हेही ठाऊक नव्हते.

आता ज्यांच्या हातांनी हे काम झाले त्यांच्याकडे वळू. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर व्हेस्टफोल्ड नावाचा प्रांत आहे. सान्डेफ्योर्ड, टॉन्सबर्ग, लारव्हिक ही तिथली गावे. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या सुमारास हजारो माणसे या गावांतून दक्षिणेस निघत आणि पुढच्या मे महिन्याच्या सुमारास परत येत. बारा-बारा तासांची पाळी, पायात खिळे मारलेले बूट, हातात लांब दांड्याचा सुरा, खाली रक्तामासाचा चिखल आणि वर ध्रुवाकडचा वारा. मूळ पगार थोडा. खरी कमाई बोनसवर, म्हणजे तेलाच्या पिंपांवर आणि माशांच्या संख्येवर. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर बीडकडचे ऊसतोड मजूर बायकामुलांसह बैलगाड्या घेऊन कारखान्यांच्या वाटेस लागतात आणि टनावर मजुरी घेतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच की, ऊस तोडला तर पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो.

श्रोतेहो, नगावर मजुरी म्हणजे काय, हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. नगावर मजुरी घेणारा कामगार स्वतःच स्वतःचा मुकादम होतो. त्याला दटावावे लागत नाही. तो जेवणाची सुट्टी अर्धी करतो, यंत्राचे संरक्षक कुंपण काढून ठेवतो आणि बोटे गमावून बसतो. अशा माणसाला आपल्या बोटांचीही दया करणे परवडत नाही. मग त्याने समोरच्या जनावराची दया करावी, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? गोलंदाजाच्या समोर देवमाशाची मादी आली आणि तिच्याबरोबर पिलू असले, तर ती सोडून देणे म्हणजे आपल्या मुलाच्या फीचे पैसे समुद्रात सोडून देणे होते. त्याने ती सोडली नाही. आम्ही त्या जागी असतो तर सोडली असती, असे छातीवर हात ठेवून सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

१९२५ साली मागच्या बाजूस उतरण असलेले पहिले कारखाना-जहाज दक्षिणेस गेले. आता देवमासा किनाऱ्यापर्यंत ओढीत नेण्याचे कारण राहिले नाही. भर समुद्रातच त्याला जहाजावर चढवावे, कापावे आणि कढवावे. किनाऱ्यावरच्या ठाण्यांना इंग्रज सरकारचा परवाना लागत असे व त्याच्या काही अटी असत. भर समुद्रावर परवाना कोण मागणार? १९३०-३१ च्या एका हंगामात चाळीसहून अधिक कारखाना-जहाजे आणि दोनशेहून अधिक शिकारी बोटी दक्षिण समुद्रात उतरल्या आणि त्यांनी एकोणतीस हजारांवर निळे देवमासे मारले. एका हंगामात! तेल इतके झाले की बाजार कोसळला. पुढच्या १९३१-३२ च्या हंगामात नॉर्वेची जहाजे नांगर टाकून घरीच राहिली आणि त्यांच्यावरचे हजारो कामगारही घरी बसले. देवमाशांना त्या वर्षी थोडी विश्रांती मिळाली, ती कोणाच्या दयेने नव्हे, मंदीने.

आमच्या त्या कलमाचा जन्म या वेळचा. १९३१ चा करार करणाऱ्यांनी पिले आणि पिलांसह असलेल्या माद्या मारण्यास बंदी घातली. पण केवळ बंदी घालून भागणार नाही, ज्याच्या हातात तोफ आहे त्याचा पगार या बंदीच्या विरुद्ध ओढीत राहिला तर बंदी कागदावर राहील, हे त्यांनी ओळखले. म्हणून संख्येवर मोबदला देण्याची रीत मोडावी असे त्यांनी लिहिले. पुढच्या काळात, अंगावर दूध असलेली मादी मारल्यास त्याबद्दल गोलंदाजाला व खलाशांना बोनस देऊ नये, असाही नियम आला. ज्या कोणी हे लिहिले त्याला कारखान्याची खरी ओळख होती, असेच म्हटले पाहिजे.

तथापि कलम चांगले असले म्हणजे परिणाम चांगला होतोच असे नाही. संख्येऐवजी आकारावर आणि तेलावर मोबदला ठेवला, की गोलंदाज मोठा मासा शोधणार. निळ्या देवमाशांत नरापेक्षा मादी मोठी असते. म्हणजे लहानांना वाचविण्यासाठी लिहिलेले कलम आयांच्या मुळावर येण्याचा धोका त्यातच होता. शिवाय हा करार अमलात यावयास १९३५ साल उजाडले, आणि जर्मनी व जपान ही नव्याने धंद्यात उतरणारी राष्ट्रे त्यात नव्हतीच.

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन येथे नवा करार झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशन निघाले. युरोपात तेव्हा चरबीचा दुष्काळ होता. दर हंगामास दक्षिण समुद्रात सोळा हजार ‘निळे एकक’ मारावेत, असे ठरले. हे एकक म्हणजे काय? एक निळा देवमासा म्हणजे एक एकक. दोन फिन देवमासे म्हणजे एक एकक. अडीच कुबडे देवमासे म्हणजे एक. सहा सेई देवमासे म्हणजे एक. हिशेब तेलाचा होता, प्राण्यांचा नव्हता. कोणत्या जातीचे किती उरले आहेत, हा प्रश्न त्या एककात मावतच नव्हता. सोळा हजारांपैकी कोणत्या देशाने किती घ्यावे हेही ठरले नव्हते. ठरल्या तारखेला भोंगा वाजावा आणि सर्वांनी एकदम सुटावे. बेरीज पुरी झाली की हंगाम बंद. साहजिकच प्रत्येकाने अधिक बोटी, अधिक वेगाच्या बोटी आणल्या. चार महिने चालणारा हंगाम दहा वर्षांत दोन महिन्यांवर आला. जो हळू मारील तो उपाशी राहील, अशी ही व्यवस्था. तीत कंपन्याही नगावर मजुरी करणाऱ्या झाल्या, राष्ट्रेही झाली.

शास्त्रज्ञ गप्प नव्हते. प्राणी कमी होत आहेत, असे ते सांगत होते. तेव्हा धंद्याच्या बाजूने उत्तर येई की, पुरेसा पुरावा नाही. हे वाक्य आम्हांस ओळखीचे वाटले. कापसाच्या धुळीने गिरणी कामगाराची फुफ्फुसे जातात, असे म्हटले की हेच उत्तर मिळे. सिलिकाच्या धुळीविषयीही तेच. पुरावा पुरेसा होतो तो माणूस तिरडीवर चढल्यानंतर. १९६० साली कमिशनने चॅपमन, ॲलन आणि होल्ट या तीन तज्ज्ञांची समिती नेमली. ज्या देशांची जहाजे दक्षिण समुद्रात शिकार करीत होती, त्यांपैकी कोणाचेही प्रतिनिधी म्हणून ते नेमलेले नव्हते. १९६३ साली त्यांनी आकडेमोड करून निर्विवाद सांगितले की, निळा देवमासा संपत आला आहे. १९६६ पासून त्याला जगभर संरक्षण मिळाले. पण ज्याला संरक्षण द्यावयाचे तो तोवर उरला होता किती? शिकारीपूर्वी दक्षिण ध्रुवाभोवती सव्वादोन लाखांवर निळे देवमासे असावेत असा अंदाज आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांतले काही शेकडाच उरले होते.

आता या इतिहासातला आम्हांस सर्वांत जड जाणारा भाग. आम्ही लाल बावट्याखाली वाढलो. नफ्यासाठी चालणारा धंदा निसर्गाला ओरबाडतो आणि योजनेने चालणारे कामगारांचे राज्य तसे करणार नाही, असे आम्ही पुष्कळ सभांतून सांगितले आहे. १९९३ साली अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने जे उघड केले, ते वाचल्यापासून हे वाक्य आम्ही सभेत उच्चारलेले नाही. सोव्हिएत संघाच्या शिकारी ताफ्यांनी दक्षिण गोलार्धात सुमारे २,७०० कुबडे देवमासे मारल्याचे कमिशनला कळविले होते. प्रत्यक्षात मारले होते अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक. १९५९-६० आणि १९६०-६१ या दोनच हंगामांत सुमारे पंचवीस हजार कुबडे देवमासे गेले. सर्व समुद्रांतील आणि सर्व जातींचा हिशेब केला तर दडविलेली शिकार एक लाख ऐंशी हजारांच्या घरात जाते. आणि हे कशासाठी? तेथे भांडवलदार नव्हता, भागधारक नव्हता. तेथे योजनेचा आकडा होता. आकडा गाठला तर ताफ्याला बोनस. ओलांडला तर अधिक बोनस आणि पुढच्या वर्षी अधिक मोठा आकडा. मारलेल्या प्राण्याचे पुष्कळसे अंग वायाही जाई, कारण मोजणी वजनाची होती, उपयोगाची नव्हती.

याचा भुर्दंड कोणी भरला तेही ऐकण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर टँगलूमा आणि बायरन बे येथे कुबड्या देवमाशांवर चालणारी ठाणी होती. १९६२ साली तेथे देवमासे येईनासे झाले आणि ती बंद पडली. तिथल्या कामगारांना आपले काम का गेले हे तेव्हा कळले नाही. ते गेले होते हजारो मैल दक्षिणेकडे, दुसऱ्या कामगारांनी रात्रंदिवस राबून मिळविलेल्या बोनसमध्ये. जगातल्या कामगारांनी एक व्हावे म्हणणारे आम्ही. या प्रसंगी एका देशाच्या कामगाराने दुसऱ्या देशाच्या कामगाराची चूल विझविली आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

पण त्याच ताफ्यांवर काही शास्त्रज्ञ होते. खरे आकडे गुप्त ठेवण्याची त्यांना सक्ती होती. त्यांतल्या काहींनी ते आकडे नष्ट होऊ दिले नाहीत. वर्षानुवर्षे जपून ठेवले आणि काळ बदलल्यावर जगापुढे मांडले. आज देवमाशांच्या संख्येचा जो खरा हिशेब करता येतो, तो या नोकरदार माणसांच्या प्रामाणिकपणामुळे. कारखान्यातला एखादा कारकून अपघातांची खरी नोंदवही घरी नेऊन ठेवतो, त्याच्या धैर्याची किंमत आम्ही जाणतो.

दोष कराराच्या शब्दांत नव्हता, तपासणीत होता. १९७२ पर्यंत प्रत्येक जहाजावर तपासनीस असे तो त्याच देशाचा. आमच्या ऐन उमेदीच्या काळातली एक गोष्ट आठवते. एका कारखान्यात आम्ही मोठ्या खटपटीने सुरक्षिततेचा करार करून घेतला होता. तपासणी व्हावयाची, पण तिची खबर दोन दिवस आधी पोहोचावयाची. त्या दिवशी सर्व यंत्रांना कुंपणे, सर्वांच्या हातांत मोजे. तपासनीस गेला की मोजे परत कपाटात. एका संध्याकाळी एका पोराचा हात गेला तेव्हा कपाटातले मोजे कोरे करकरीत होते. त्या दिवसापासून आम्ही कोणताही करार वाचताना शेवटून वाचतो: मोजणार कोण, आणि त्याचा पगार कोण देणार? व्हेलिंग कमिशनने परक्या देशाचा निरीक्षक जहाजावर ठेवण्याची योजना १९७२ साली अमलात आणली. चोरी त्यामुळे एकदम थांबली असे नाही, पण ती फार अवघड झाली.

ते १९७२ साल अनेक अर्थांनी महत्त्वाचे. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणाविषयीची परिषद भरली. तिने व्यापारी देवमासे-शिकार दहा वर्षे बंद ठेवावी असा ठराव केला. आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी त्या परिषदेत बोलल्या. दारिद्र्य आणि गरज यांना बाजूस सारून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. त्याच वर्षी आपल्याकडे वन्य जीव संरक्षण कायदा झाला. १९७९ साली सेशेल्स या चिमुकल्या राष्ट्राच्या पुढाकाराने हिंदी महासागर हा देवमाशांचे अभयारण्य ठरला. आपला कोकणचा समुद्र त्यातच येतो. १९८१ साली भारत कमिशनचा सभासद झाला, आणि १९८२ साली पंचवीस विरुद्ध सात मतांनी व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव संमत झाला. १९८५-८६ च्या हंगामापासून तो लागू झाला. नॉर्वेने हरकत नोंदवून १९९३ पासून, तर आइसलंडने २००६ पासून व्यापारी शिकार पुन्हा केली. जपान २०१९ साली कमिशनमधूनच बाहेर पडला आणि आपल्या समुद्रात शिकार करू लागला. पण दक्षिण ध्रुवाभोवतीची व्यापारी कत्तल थांबली, हे खरे.

फळ काय मिळाले? दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागातले कुबडे देवमासे १९५० च्या दशकात साडेचारशेच्या आसपास उरले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे ते पंचवीस हजारांच्या घरात गेले आहेत. साउथ जॉर्जियाच्या पाण्यात, जेथे एके काळी खाडीबाहेरही जावे लागत नव्हते, तेथे २०२० साली शास्त्रज्ञांनी तेवीस दिवसांच्या पाहणीत पंचावन्न निळे देवमासे मोजले. पंचावन्न या आकड्याने त्यांना फार आनंद झाला. एका हंगामात एकोणतीस हजार मारल्याचा आकडा आपण नुकताच ऐकला आहे. या दोन आकड्यांमधले अंतर भरून यावयास आपल्या नातवंडांचेही आयुष्य पुरेल की नाही, शंका आहे.

समुद्रावर जे झाले तेच जमिनीवरही झाले. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे वाघ, बिबळ्या, लांडगा मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. कातडे वा मुंडके दाखवावे आणि पैसे घ्यावेत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ मारले गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तीही नगावर मजुरीच होती. पुढे कायदा बदलला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि त्यात आपले मेळघाट पहिल्या नऊ क्षेत्रांत आले. मारण्याचे पैसे बंद झाले हे उत्तमच. पण राखण्याचे पैसे कोणाला व किती मिळतात? जंगलात पाणवठे भरणारा, वणवा विझविणारा, रात्री गस्त घालणारा माणूस पुष्कळदा रोजंदारीवरचा असतो. वाघाची किंमत कोटींत सांगावयाची आणि राखणदाराची मजुरी महिनोन्महिने थकवावयाची, हा हिशेब टिकणारा नव्हे.

उलट उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेरावळकडे व्हेल शार्क नावाचा प्रचंड पण निरुपद्रवी मासा येतो. हा मात्र खरोखरच मासा. त्याच्या यकृताच्या तेलासाठी त्याची शिकार होई. गळाला रिकामी पिंपे बांधून त्याला दमवीत, म्हणून तिकडे त्याचे नावच ‘बॅरल’ पडले होते. दक्षिण ध्रुवावर देवमासा पिंपांनी मोजला जाई. इथे माशालाच पिंप म्हणू लागले. माइक पांडे यांच्या बोलपटाने हा प्रकार लोकांपुढे आला आणि २००१ साली सरकारने या माशाला वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले. पण नुसत्या कायद्याने ज्याचे जाळे गुंतले त्याचे काय? हजारो रुपयांचे जाळे कापून मासा सोडणे मच्छीमाराला कसे परवडावे? २००४ पासून तेथे संस्थांनी मोहीम चालविली. मोरारीबापूंनी माहेरपणाला आलेल्या लेकीची उपमा देऊन लोकांना समजाविले. मासा ‘बॅरल’चा ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाला. आणि मुख्य म्हणजे कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली. कोळ्यांनी आपल्या हातांनी जाळी कापून शेकडो मासे सोडले आहेत. महाराष्ट्रातही २०१८ च्या डिसेंबरपासून संरक्षित प्राणी सोडताना जाळे फाटल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आहे. उपदेश आणि भरपाई या दोहोंत थोर कोण, हा वाद आम्ही घालीत नाही. एवढेच म्हणतो की, भरपाई नसती तर उपदेश दुसऱ्या हंगामापर्यंत पोहोचला नसता.

म्हणून श्रोतेहो, प्राणी वाचवा असे सांगणारे पत्रक आपल्या हाती येईल तेव्हा त्याला आम्ही सांगितलेले दोन प्रश्न अवश्य विचारा. मोजणारा स्वतंत्र आहे काय? आणि ज्या माणसाचा हात त्या प्राण्यापर्यंत पोहोचतो, त्याची भाकरी प्राणी मेल्याने मिळते की जगल्याने? १९३१ साली जिनीव्हात ज्यांनी ते कलम लिहिले त्यांना दुसरा प्रश्न सुचला होता. पहिला सुचला नाही, आणि दुसऱ्याचेही उत्तर त्यांनी अर्धेच दिले. तेवढ्या अपुऱ्या उत्तराची किंमत किती पडली ते आपण पाहिले.

आमच्या धंद्यात एक म्हणण्याची रीत आहे की, करार सहीच्या दिवशी सुरू होतो, संपत नाही. हंगाम संपून होड्या बंदरात लागतात तेव्हा एखाद्या कोळ्याची भेट झाली, तर त्याला आपल्या जाळ्याची भरपाई किती दिवसांनी मिळाली, एवढे विचारावे. देवमाशाचे भवितव्य त्या उत्तरात पुष्कळसे कळेल.